पोळा सरला, आता तलावाकडे बघा



पोळा झाला, मारबत गावाबाहेर गेली. सांदवाडीत वालाचे वेल मांडवावर चढले असतील, दोडका-कोहळा सुरूच असेल. मेथी, पालक आणि सांबाराच्या वाफ्यांसाठी घरच्या बाया जागा मोकळी करू लागल्या असतील. इकडे बांधीत भारी धान पोटरीवर आहे. आणि नेमका याच दिवसांत पाऊस दडी मारतो. हस्त कोरडा गेला म्हणजे काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पोटरीपासून दाणा भरेपर्यंत बांधीत ५ ते १० सेंटिमीटर पाणी उभे असावे. ते नसले तर लोंबी बाहेर पडते, पण दाणा भरत नाही, पळींज होते. हे आम्ही कॉलेजात शिकलो. आपल्या जुन्या लोकांना ते आधीच ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी गावोगावी तलाव आणि बोड्या बांधल्या.

या कामात कोहळी समाजाचे नाव पहिले. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना या लोकांना सोबत आणले, अशी आख्यायिका रसेल साहेबांनी १९१६ साली छापलेल्या जातीजमातींच्या ग्रंथात नोंदवली आहे. खरेखोटे काहीही असो, तलाव बांधावा आणि त्याखाली ऊस लावावा तो कोहळ्यांनीच, ही ख्याती जुनी आहे. नवेगाव बांधचा मोठा तलावही परंपरेने कोलू पाटील कोहळी यांचाच मानतात. तो १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेला, पण तोवर आपल्याच भंडाऱ्यात होता बरं का!

जमिनीचा उतार बघून पाळ घातली, जादा पाण्याला सांडवा ठेवला, आणि पाळीत तुडुम बसवले. तुडुम म्हणजे पाणी सोडण्याची जागा. त्याला खाली-वर भोके असत. वरचे बूच काढले की वरचे पाणी जाई, पातळी उतरली की खालचे काढायचे. कोणते बूच कधी काढायचे आणि पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचे, हे गावात ठरलेले असे.

इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांचे झाले. दुरुस्ती गावकऱ्यांच्या अंगमेहनतीवर चाले, त्यात वेठही होती. ते दिवस सोन्याचे होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण पाळ फुटली तर कोणाला हाक मारायची, हे गावाला माहीत होते.

मालगुजारी संपवणारा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. तलाव सरकारजमा झाले. म्हणून यांना माजी मालगुजारी तलाव, आपल्या बोलण्यात मामा तलाव म्हणतात. पुढे १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालक बदलला ते बरेच झाले, पण पाणी सोडण्याची जी रीत गावाच्या तोंडी होती, तीही हळूहळू विसरली गेली.

एका गावचे सांगतो. अश्विनात तलावात पाणी होते, खाली धान सुकत होते, आणि दार गंजून बसलेले. ते उघडायचे कोणी, आधी पाणी कोणाला, यावर वाद. मी नवीन होतो. ‘अर्ज करा’ एवढे सांगून मोटरसायकल वळवली. आठ दिवसांनी गेलो तेव्हा पाटाच्या शेवटच्या बांध्या पळींज झाल्या होत्या. एक म्हातारे म्हणाले, “साहेब, अर्ज तर कधीचाच लिवला हाय. वाजिब-उल-अर्ज बघितला का?” खरंच, मी तो कधी उघडला नव्हता.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६५ प्रमाणे या कागदात गावची वहिवाट लिहिलेली असते: पाणी घेण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी. निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये येते. तलाठ्याकडे किंवा तहसीलला जाऊन आपल्या गावचे दोन्ही कागद वाचून घ्या. वाचता येणारा पोरगा सोबत न्या, जुने अक्षर लागायला वेळ लागतो. वाद आधी मिटला तर दार उघडायला उशीर होत नाही.

याच आठवड्यात तुडुमाचे दार हलवून पाहा, पाटातले गवत काढा. कापणीच्या ८-१० दिवस आधी बांधीतले पाणी काढा. लाखोळी टाकायची असेल तर उभ्या धानात ओल असतानाच फेका. वाळल्यावर ती उगवत नाही.

तलाव मात्र तळापर्यंत उपसू नका. त्यात ढिवर बांधवांची मासळी आणि शिंगाडा आहे. शिवाय तलावाखालच्या विहिरींना त्याचाच पाझर लागतो, आणि सांदवाडीतल्या मेथी-सांबाराला माघापर्यंत पाणी त्याच विहिरीचे.