जन्मस्थानाचा रकाना

आपल्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं असें घर विरळा, कीं ज्यांतील मुलगा, सून, भाचा, निदान शेजारचा कोणी तरी अमेरिकेंत नाहीं. तो तेथें मोठ्या नोकरीवर आहे हें आपण अभिमानानें सांगतों; परंतु तो तेथील कायमचा रहिवासी झाला काय, असें कोणी विचारलें म्हणजे थोडे घुटमळतों आणि "रांगेंत आहे" एवढेंच म्हणतों. ही रांग कोणी लावली, आणि तींत आमच्याच माणसांस इतका काळ कां तिष्ठावें लागतें, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आरंभ 1790 सालापासून करावा लागतो. त्या सालच्या अमेरिकन कायद्यानें परदेशस्थास नागरिक होण्याचा अधिकार स्वतंत्र अशा गोऱ्या माणसांपुरताच ठेवला. यादवी युद्धानंतर, 1870 मध्यें, तो आफ्रिकन वंशाच्या लोकांस मिळाला. हिंदुस्थानांतील माणूस या दोहोंपैकीं कोठें बसतो, हें कायद्यांत सांगितलेलें नव्हतें. त्यामुळें एका न्यायालयानें नागरिकत्व द्यावें आणि दुसऱ्यानें नाकारावें, असा प्रकार कांहीं वर्षें चालला. या काळांत ज्यांस तें मिळालें, त्यांत सखाराम गणेश पंडित हे एक होते. ते 1914 सालीं कॅलिफोर्नियांत नागरिक झाले आणि पुढें तेथेंच वकिली करूं लागले.

1917 च्या कायद्यानें आशिया खंडाच्या फार मोठ्या भागास निषिद्ध प्रदेश ठरविलें. त्यांतून विद्यार्थी, अध्यापक, वैद्य, स्थापत्य-इंजिनियर अशांस सवलत होती खरी. पण येऊन राहणें वेगळें आणि तेथला होणें वेगळें. ती दुसरी वाट 1923 मध्यें बंद झाली. पंजाबचे भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. त्यांच्या खटल्यांत न्यायमूर्ति सदर्लंड यांनीं असा निर्णय दिला कीं, वंशशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या लोकांस कोणत्याहि वर्गांत घालोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्यास गोरा म्हणतो त्यांत ते येत नाहींत. शास्त्र गैरसोयीचें ठरलें कीं लोकसमजुतीचा आधार घ्यावयाचा, ही युक्ति आपल्या समाजासहि अपरिचित नाहीं.

या निकालानंतर सरकारनें, ज्यांस पूर्वीं नागरिकत्व दिलें होतें त्यांच्याकडून तें परत घेण्याचे दावे मांडले. स्केनेक्टडी येथें जनरल इलेक्ट्रिक कंपनींत काम करणारे शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरहि असा दावा झाला. हे विद्युत् विषयांतले इंजिनियर. त्यांचें ज्ञान कंपनीस हवें होतें; कायद्यास तें दिसत नव्हतें, त्यास दिसत होतें तें जन्मस्थान. पंडितांचें म्हणणें वेगळें आणि मोठें मार्मिक होतें. ते गोरे कीं काळे या वादांतच न शिरतां त्यांनीं विचारलें, कीं न्यायालयानें रीतसर चौकशी करून मला नागरिक केलें, सरकारनें त्या वेळीं अपील केलें नाहीं, आणि मीं त्या विश्वासावर व्यवसाय व संसार उभारला. आतां तें सारें मोडण्याचा अधिकार कोणास आहे? अपील-न्यायालयानें 1926 मध्यें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि सुप्रीम कोर्टानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. पंडितांचें नागरिकत्व टिकलें. पण जे आधींच आपलें गमावून बसले होते, त्यांस याचा काय उपयोग?

1946 मध्यें दार किंचित् किलकिलें झालें: नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि हिंदुस्थानचा वार्षिक हिस्सा सुमारें शंभर माणसांचा ठरला. 1952 च्या कायद्यानें प्रत्येक देशाच्या हिश्शाचा अर्धा भाग शिक्षण व तंत्रकौशल्य असलेल्यांसाठीं राखला. शंभराचा अर्धा म्हणजे पन्नास! तरीपण हुन्नर हें प्रवेशाचें माप म्हणून कायद्यांत येथें प्रथमच ठळकपणें दिसतें.

खरा पालट झाला तो 1965 सालीं. ता. 3 ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशीं नव्या कायद्यावर सही केली, आणि त्या वेळींच, हा कायदा क्रांतिकारक नव्हे, असेंहि सांगून टाकलें. राष्ट्रवार असमान हिस्से गेले. पूर्व गोलार्धांतील प्रत्येक देशास वर्षाला 20,000 ही सारखीच मर्यादा आली. व्यावसायिक व शास्त्रज्ञ यांस शेंकडा दहा जागा राखल्या. नातलगांस कितीतरी अधिक दिल्या, कारण येतील ते बहुधा युरोपियनांचेच नातलग, असा पुष्कळांचा अंदाज होता. तो साफ चुकला. त्याच वर्षीं वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचा कायदा होऊन डॉक्टरांची मागणी वाढली, आणि आमचे डॉक्टर व इंजिनियर विमानांत चढूं लागले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च बहुतेक येथील करदात्यानें केला होता, हें जातां जातां नमूद करतों.

मग आजची रांग आली कोठून? तिचें मूळ 1990 च्या कायद्यांत आहे. त्यानें दोन दारें केलीं. पहिलें तात्पुरत्या नोकरीचें, ज्यास आपण सर्व एच-वन-बी म्हणतों. तेथें वर्षाची मर्यादा 65,000, पुढें तींत आणखी 20,000 ची भर पडली, पण देशवार मर्यादा कांहींच नाहीं. दुसरें दार कायम वास्तव्याचें. तेथें नोकरीच्या आधारें साधारण 1,40,000 जागा, त्यांतच बायकामुलेंहि धरलेलीं, आणि कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांस सामान्यतः शेंकडा सातांहून अधिक नाहीं. पहिल्या दारानें येणाऱ्यांत अलीकडे निम्म्याहून अधिक भारतांत जन्मलेले. दुसऱ्या दाराशीं मात्र चिमुकल्या देशाला आणि भारताला एकच माप. सर्व देशांस सारखें वागविणें हा न्याय खराच. पण रांगेंत देश उभे नसतात, माणसें उभीं असतात. आणि येथें देश म्हणजे पारपत्राचा नव्हे, जन्माचा. पुण्यांत जन्मलेला मनुष्य मध्यंतरीं कानडाचा नागरिक झाला, तरी तो भारताच्याच रांगेंत. उलट त्याची पत्नी नेपाळांत जन्मलेली असली, तर तिच्या जन्मस्थानावर दोघेहि पुढें सरकूं शकतात.

माझा एक जुना विद्यार्थी गणितांत मोठा हुशार होता. आज तो तेथें पूल बांधण्याच्या खात्यांत आहे. त्याचा अर्ज दहा वर्षांपूर्वीं मंजूर झाला, क्रमांक मात्र अद्याप आलेला नाहीं. मुलगी सतरा वर्षांची आहे. ती एकविसाची होऊन गेली, कीं बापाच्या अर्जावर तिचा हक्क सामान्यतः उरत नाहीं, आणि ज्या देशांत ती तिसऱ्या वर्षापासून वाढली तेथें राहण्यास तिला स्वतंत्र परवाना काढावा लागेल. तो लिहितो, कीं वर्षें मोजावयाचें आतां मुलीनेंच आपल्याकडे घेतलें आहे. दर महिन्याचें सरकारी तारीखपत्रक तीच आधीं वाचते.