राधानगरीचे सात दरवाजे

पावसाळा भरास आला म्हणजे राधानगरीचें नांव वर्तमानपत्रांत येऊं लागतें. धरण भरलें, अमक्या क्रमांकाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, एवढीच ती बातमी असते. त्या दरवाज्यास कोणीहि हात लावलेला नसतो, ही त्यांतील नवलाची गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

भोगावतीवरील हें धरण छत्रपति शाहू महाराजांचें. 1894 मध्यें गादीवर आल्यावर लवकरच त्यांनीं 1896-97 चा दुष्काळ पाहिला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हें काम हातीं घेतलें. गांवास राजकन्या राधाबाईंचें व तलावास राणी लक्ष्मीबाईंचें नांव मिळालें. पैशाच्या अडचणीमुळें 1918 च्या सुमारास काम थांबलें. 1922 मध्यें महाराज निवर्तले, आणि धरण पुरें झालें तें स्वातंत्र्यानंतर, 1950 नंतरच्या दशकांत.

आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांची कल्पना महाराष्ट्रांत त्याहून जुनी. पुण्याजवळ खडकवासल्यास विश्वेश्वरय्यांनीं 1903 मध्यें असे दरवाजे बसविले, आणि भिंत न वाढवितां तेथें सुमारें 8 फूट जादा पाणी सांठूं लागलें. राधानगरीच्या दरवाज्यांशींहि लोक त्यांचेंच नांव जोडतात.

या रचनेचें मर्म तोलांत आहे. एकीकडे दरवाज्याला मिटून ठेवणारा भार, दुसरीकडे तलावाच्या पाण्याचा रेटा. पाणी भरतीच्या खुणेस पोंचलें कीं रेटा भारावर मात करतो व दरवाजा उघडतो. पाणी उतरलें कीं तो पुन्हां मिटतो. प्रत्येक दरवाज्यांतून सेकंदाला 1428 घनफूट पाणी जातें. सातहि उघडले तर जवळजवळ दहा हजार. मध्यरात्रीं, मुसळधार पावसांत, वीज गेली असतां व रस्ते तुटले असतांहि हें घडतें. पहारेकऱ्याला झोंप लागली काय किंवा वरिष्ठांची आज्ञा पोंचली नाहीं काय, भिंतीला त्याची बाधा नाहीं. चुकण्याची वेळच माणसावर येऊं न देणें, ही त्या योजकांची खरी कर्तबगारी होय.

याच धरणाच्या दुसऱ्या दारानें उलट अनुभव दिला. 29 डिसेंबर 2021 रोजीं, पावसाचें नांव नसतां, दुरुस्तीचें काम चालू असलेलें सेवाद्वार एकाएकीं उघडलें व तसेंच अडकून राहिलें. ऐन हिंवाळ्यांत भोगावतीला लोंढा आला. उन्हाळ्याकरितां राखलेलें पाणी डोळ्यांदेखत वाहून गेलें. हें द्वार यंत्रानें व माणसांच्या हातांनीं चालणारें. तेथें दुरुस्तीची पद्धत, आधीं घ्यावयाची खबरदारी, हींच यंत्राइतकीं महत्त्वाचीं ठरतात.

पण स्वयंचलित दरवाज्यांस आंधळेपणानें शहाणे म्हणतां येत नाहीं. पाऊस येणार, म्हणून आधींच तलाव थोडा रिता करून ठेवावा, हें त्यांना साधत नाहीं. भरल्याशिवाय ते उघडत नाहींत, आणि भरतात नेमके पंचगंगा फुगलेली असतांना. 2019 च्या ऑगस्टांत व 2021 च्या जुलैंत कोल्हापूर शहर पुरांत सांपडलें, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं निघाला. पुराचा सारा दोष या दरवाज्यांच्या माथीं मारणें माझ्या मतें अन्यायाचें आहे. भिंत सुरक्षित ठेवण्याचें जें काम त्यांना नेमून दिलें तें ते चोख करतात. खालच्या गांवांची काळजी त्या कामांत कोणीं घातलीच नव्हती. ती घालावयाची तर आगाऊ पाणी सोडणारें, विश्वासानें उघडणारें व मिटणारें दार वेगळेंच लागेल, आणि तें केव्हां उघडावयाचें हें ठरविणारा माणूसहि लागेल.