गिअरबॉक्समधला देवमासा

मंडळी, ऑटोमॅटिक पिकअपचं लाल तेल घरीच बदलणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

आमच्या भोईवाड्याजवळच, शिवडीला, जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्यांची जुळणी सुरू केली. १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. याच कंपनीने अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिलला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. पुढे त्याच्या तेलात चक्क देवमाशाचं तेल घालत! क्लचच्या चकत्या धक्का न देता धरायच्या त्या त्यामुळेच. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली. पहिल्या पर्यायी तेलाने कूलर गंजू लागले, म्हणून पुन्हा नवं सूत्र. म्हणजे तेलाची जात बदलणं हा पोरखेळ नाही. मॅन्युअलमधलंच घ्या. खालून सगळं निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेव्हा निघालेलं मोजा आणि तेवढंच भरा. ‘लाइफटाइम’ तेलावर माझा तरी विश्वास नाही.