शरणपुरांतील मुक्त दास

नाशिकच्या पश्चिमेस शरणपूर म्हणून जी वस्ती आहे, तेथें आम्ही गेल्या हिंवाळ्यांत मुद्दाम जाऊन आलों. रस्ता सर्वांस ठाऊक. परंतु त्यास नांव देणाऱ्या संस्थेविषयीं ज्यांस विचारलें त्यांपैकीं कोणासही कांहीं सांगतां आलें नाहीं. तिकडे स्कॉटलंडांत ब्लँटायर येथें डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या जन्मघराचें १९२९ पासून संग्रहालय झालें आहे, व त्याचें प्रेत वाहून नेणाऱ्या आफ्रिकी अनुचरांचें शिल्प त्यांत आहे. त्या अनुचरांपैकीं कांहीं शरणपुरांत शिकलेले होते.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५० नंतरच्या दशकांत ही वसाहत उभारली. आरबी गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरत. त्यांतील कांहीं येथें येत. अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकविलें जाई. नांवें नवीं, बायबलांतील किंवा इंग्रजी, ठेवीत. आईबापांनीं ठेविलेलीं मागें पडत. ‘शरण’ शब्दाचे गृह व रक्षक असे दोन अर्थ अमरकोशांत दिले आहेत. त्यांपैकीं रक्षण या मुलांस लाभलें. घर लाभलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

दास्य हें केवळ परद्वीपींचें पाप, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, आणि दास्याचा हक्क कोर्टांत चालेनासा झाला तो १८४३ च्या पांचव्या कायद्यानें, म्हणजे शरणपुराच्या आधीं थोडींच वर्षें.

१८६५ सालीं लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यांत आला. पुढील वर्षीं निघालेल्या त्याच्या प्रवासांत येथील नऊ जण होते. १८७२ त आणखी कांहीं गेले. त्यांत जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां त्याचें हृदय झाडाखालीं पुरून वेनराइटनें प्रार्थना वाचली व खोडावर लेख कोरला. मग सर्वांनीं मिळून तें प्रेत महिनोन्‌महिने पायीं चालत समुद्रकांठीं पोंचविलें. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनांत वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें अंत्यविधि झाला, त्यासही वेनराइट हजर होता.

पुढें प्राइस यांनीं येथील आफ्रिकी मंडळी मोंबासाजवळ नेऊन १८७५ मध्यें फ्रीअरटाउन वसविलें. तें नांव मुंबईचे पूर्वींचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचें. आपल्या खंडांत परतलेल्या या लोकांस तेथें ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. वेलिंग्टन त्यांतलाच, तो १९३५ त मोंबासास वारला. त्याचें आईबापांनीं ठेविलेलें नांव चेंग्विंबे.