मूळ जीप कोणती?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. १९४१ साली विलीज कंपनीला मोठं कंत्राट मिळालं. मागणी इतकी होती की फोर्डलाही त्याच आराखड्यावर गाडी काढावी लागली. साठ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ऐंशी इंचांचं अंतर आणि सपाट पत्र्याची बॉडी. ही गाडी पन्नास पावसाळे काढेल, असा विचार तेव्हा कुणी केलेला दिसत नाही. त्या जीपच्या तळाला मजबुतीसाठी पत्र्याचा एक उलटा पन्हाळ आहे. युद्धकाळात त्यात चक्क लाकडाची पट्टी बसवत. लाकूड पाणी धरून ठेवायचं आणि पत्रा आतून सडायचा. म्हणजे गंजाची सोय कारखान्यातच झाली होती!

उर्दूत जंग म्हणजे लढाई आणि ज़ंग म्हणजे गंज. शब्द वेगळे, अक्षरंही वेगळी. गॅरेजमधल्या आपल्या दखनीत मात्र दोन्ही सारखेच ऐकू येतात. जीपच्या बाबतीत ते चुकीचंही नाही. एकाने तिला जन्म दिला, दुसऱ्याने खाल्लं.

भारतात जीप आणणाऱ्या कंपनीचं आजचं नाव सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये ती सुरू झाली तेव्हाचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरं तीच राहिल्याने छापलेली कागदपत्रं वाया गेली नाहीत, असं सांगितलं जातं. या गृहस्थांबद्दल हळहळावं असं फारसं काही नाही. पुढे गव्हर्नर जनरल झाल्यावर १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभाच बरखास्त केली. पण पाटीवरचं नाव बदलतं आणि गाडी चालत राहते, ही गोष्ट जीपच्या इतिहासात पहिल्यापासून आहे.

मुंबईत माझगावला आयात सुट्या भागांतून जीप जोडण्याचं काम सुरू झालं. नंतर उंच बॉनेटची सीजे-३बी आली. तिच्या हरिकेन इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेट वर उचललेलं. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातल्या सरकारचं रूप बनलं. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, सगळ्यांकडे तीच. भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात दुसरं चाललंही नसतं. भाटघरच्या धरणामागची गावं, पानशेतच्या वरची खोरी, तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्या, वरंधा घाट. कुठे रस्ता अर्धाच, कुठे नावालाच. सरकारी जीप म्हातारी झाली की लिलावात निघायची, आणि मग तिचं वडाप व्हायचं. आत किती माणसं बसत आणि बाहेर किती लटकत, हे ज्यांनी वडापने प्रवास केलाय त्यांना सांगायला नको.

माझ्या मामूंची भोरची जीप अशीच लिलावातली. १९७२ची, सीजे-३बी. तेलाच्या जागतिक संकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा १९८०च्या दशकात देशभर जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवण्याची लाटच आली होती. मामूंनीही प्यूजोच्या परवान्यावर इथे बनणारं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं, चार गिअरचा गिअरबॉक्स लावला. आरसी बुकात तसा शिक्का आहे.

इथला पाऊस जून ते सप्टेंबर नुसता कोसळतो. पण पत्रा पावसाने कमी आणि चिखलाने जास्त जातो. पाणी वाळतं, चिखल ओल धरून बसतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, सीटखालची पेटी, काचेच्या फ्रेमची खालची कड आणि तो तळाचा पन्हाळ, या जागा ठरलेल्या. मामूंच्या जीपचा पन्हाळ यंदा उघडला तेव्हा आत लाल मातीची वीटच तयार झालेली होती. वर रंग शाबूत, खाली चाळण.

भोकावर ठिगळ लावून पुट्टी भरली की गाडी दोन वर्षं छान दिसते. मिस्त्री मामूंना म्हणाले, “चाचा, ठोकून आवाज येईल तिथपर्यंत कापावंच लागेल.” निरोगी पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द. तिथपर्यंत कापायचं, नवा पत्रा त्याच घडीचा वाकवायचा आणि सलग न जोडता लांब लांब टाके मारायचे, नाहीतर उष्णतेने पत्रा पळतो. आता सीओटू वेल्डिंग आलंय. गॅसवर हेच काम सरळ करायला फार मोठा हात लागायचा. तळाला डांबर फासण्याचा सल्ला सगळे देतात, मिस्त्री देत नाहीत. डांबराला चीर गेली की पाणी मागे अडकतं आणि वरून काही कळत नाही. त्यापेक्षा रेड ऑक्साइड, रंग आणि पावसाआधी जळकं ऑइल.

हा हुनर आपल्याकडे नवा नाही. शिकलगार हे आडनाव अरबी-फारसी ‘सैकल’वरून आलंय. सैकल म्हणजे धातूला झिलई देणं, गंज काढणं. तलवारी गेल्या, मग विळे-कात्र्या आल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत कामाला बसलेल्या कारागिरांची आडनावं विचारून पाहा. मोटारींच्या इतिहासात कंपन्या सापडतात, हे लोक सापडत नाहीत.

आता खरा पेच. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात सांभाळलेली गाडी ‘व्हिंटेज’. तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणीची फी २०,००० रुपये. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापरालाही चालत नाही. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कडक निकाल दिला होता. माझ्या मामेभावाचं म्हणणं, कुर्ल्यात हरिकेन इंजिन शोधू, डिझेल उतरवू, तीन गिअर परत लावू आणि मग अर्ज करू. त्याचं चुकतंय असं नाही. ती अक्षरं मिळाली तर गाडीची किंमत वाढेल आणि कदाचित तिचं भंगारही टळेल.

मला तरीही ते पटत नाही. गोदामात झाकून ठेवलेली जीप मूळ, आणि घाटात चाळीस वर्षं माणसं वाहिलेली जीप बिघडवलेली, हा हिशेब मला उलटा वाटतो. डिझेल इंजिन हाच या गाडीचा भोरमधला इतिहास आहे. ते उतरवलं तर १९७२ची सरकारी जीप उरेल, मामूंची जीप जाईल. नियमात एक रकाना असाही हवा, की बदल कधी झाला, का झाला आणि कुणी केला. तो नाही, म्हणून माझा मामेभाऊ आणि मी दोन महिने भांडतोय.

मामूंनी आमच्या भांडणात भाग घेतलेला नाही. त्यांनी मिस्त्रींकडून नव्या पन्हाळाला खालून चार भोकं पाडून घेतली आहेत, पाणी आणि माती बाहेर पडायला. कारखान्याच्या आराखड्यात ती नाहीत.