वाहनाच्या विम्याची पडताळणी पोलीस कशी करतात?

रस्त्यावर थांबविलेल्या वाहनाचा विमा उतरविलेला आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी पूर्वी वाहतूक पोलिसांजवळ चालकाने दाखविलेल्या कागदाखेरीज फारसे साधन नव्हते. आता देशाच्या बहुतांश भागांत ही तपासणी वाहनाच्या क्रमांकावरून, संगणकीय नोंदींच्या आधारे केली जाते. त्यामुळे मुदत संपलेले वा बनावट प्रमाणपत्र दाखवून सुटका होणे कठीण झाले आहे. मात्र त्याचबरोबर, वैध विमा असूनही त्याची नोंद दिसत नसल्यास काय करावे, याची माहिती वाहनधारकांना असणे आवश्यक ठरले आहे.

कायद्याची तरतूद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा तृतीय पक्ष विमा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा, असणे बंधनकारक आहे. व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या कामासाठी वापरली जाणारी केंद्र व राज्य सरकारांची वाहने यातून वगळण्यात आली आहेत. या विम्याचा हेतू वाहनाची दुरुस्ती करून देणे हा नाही. त्या वाहनाच्या धडकेने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसांना किंवा जखमी झालेल्या व्यक्तीला भरपाई मिळावी, हा त्यामागील उद्देश आहे. म्हणूनच केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरता घेतलेला विमा कायद्याच्या दृष्टीने पुरेसा मानला जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींसाठी तीन वर्षांचा व नव्या दुचाकींसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घेण्याची पद्धत सुरू झाली. ही मुदत संपल्यानंतर नूतनीकरण करण्याचे राहून गेलेली वाहने तपासणीत हमखास आढळतात.

पडताळणीची पद्धत

कलम १५८ अन्वये, राज्य सरकारने अधिकार दिलेल्या व गणवेशात असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने विमा प्रमाणपत्र सादर करणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात अधिकारी आपल्याजवळील ई-चालान यंत्रात वाहनाचा नोंदणी क्रमांक भरतो. हे यंत्र ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीशी जोडलेले असते आणि त्यावर विमा कंपनीचे नाव व विम्याची अंतिम तारीख दिसते.

विमा कंपन्यांकडील माहिती या प्रणालीपर्यंत पोहोचविण्याचे काम हैदराबाद येथील विमा माहिती केंद्र करते. नव्या व नूतनीकरण झालेल्या विम्यांची माहिती दररोज ‘वाहन’मध्ये समाविष्ट केली जाते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना पाठविलेल्या पत्रात नमूद केले होते. वैध विम्याचा तपशील एम-परिवहन अथवा ई-चालान अॅपवर दिसत असल्यास प्रमाणपत्राची छापील प्रत मागण्याची गरज नाही, असेही त्यात स्पष्ट करण्यात आले होते. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वैध ठरलेली कागदपत्रे प्रत्यक्ष स्वरूपात मागू नयेत, अशी तरतूद केली. एकाच वाहनाची वारंवार तपासणी होऊन चालकाला त्रास होऊ नये, यासाठी तपासणीची वेळ व अधिकाऱ्याची ओळख नोंदविण्याचेही या नियमांत सांगण्यात आले आहे.

काही राज्यांत आता वाहन न थांबविताही तपासणी होते. ओडिशाने १ फेब्रुवारी २०२४ पासून पथकर नाक्यांवर ‘ई-डिटेक्शन’ प्रणाली सुरू केली. नाक्यावरून जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक नोंदींशी ताडून पाहिला जातो आणि विमा नसल्यास चालान तयार होते. परराज्यांत प्रवास करणाऱ्या वाहनधारकांनी ही बाब लक्षात ठेवावी.

नोंद दिसत नसल्यास

विमा नुकताच घेतला असल्यास किंवा नोंदणी क्रमांक भरताना चूक झाली असल्यास वैध विमा यंत्रावर दिसत नाही. अशा वेळी डिजिलॉकर वा एम-परिवहनमधील प्रमाणपत्र किंवा त्याची छापील प्रत दाखविता येते. यांपैकी काहीच जवळ नसले, तरी खासगी वाहनाच्या चालकाला कायद्याने संधी दिलेली आहे. मागणी झाल्यापासून सात दिवसांच्या आत, आपण सांगितलेल्या पोलीस ठाण्यात प्रमाणपत्र सादर केल्यास ते वेळीच न दाखविल्याबद्दल दोषी ठरविता येत नाही. मागणी परिवहन विभागाच्या अधिकाऱ्याने केली असल्यास कलम १३० मध्ये पंधरा दिवसांची मुदत आहे.

ही सवलत विमा असूनही प्रमाणपत्र जवळ नसलेल्यांसाठी आहे. पोलिसांनी थांबविल्यानंतर घाईने विमा घेऊन तो सादर करण्याचा उपयोग होत नाही, कारण विमा सुरू झाल्याची तारीख व वेळ प्रमाणपत्रावर नोंदविलेली असते.

जुने वाहन विकत घेतलेल्यांच्या बाबतीत प्रमाणपत्रावर आधीच्या मालकाचे नाव असू शकते. कलम १५७ नुसार वाहनाच्या हस्तांतरणाबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. मात्र नव्या मालकाने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावात बदल करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो.

दंड आणि शिक्षा

विमा नसलेले वाहन चालविणे हा कलम १९६ खालील गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्यासाठी चार हजार रुपये दंडाची तरतूद केली. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आली. महाराष्ट्रात सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. चालकाप्रमाणेच, असे वाहन चालविण्यास देणारा मालकही या कलमाखाली जबाबदार ठरतो. चालान मान्य नसल्यास न्यायालयात बाजू मांडता येते.

अपघातानंतरची तपासणी

विम्याच्या पडताळणीला खरे महत्त्व येते ते अपघातानंतर. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत प्राथमिक अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला, तर ९० दिवसांच्या आत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला सादर करावयाचा असतो. वाहन विमाधारक असल्यास मृताच्या वारसांना कलम १६४ खाली, कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही, पाच लाख रुपये आणि गंभीर जखमीला अडीच लाख रुपये मिळू शकतात.

विमा नसल्यास ही रक्कम देण्याची जबाबदारी मालकावर पडते आणि त्याची ऐपत नसल्यास पीडित कुटुंबाच्या हाती निकालाच्या कागदाखेरीज काही लागत नाही. यावर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यांना निर्देश दिले. अपघातात सापडलेले विमाविरहित वाहन मालकाने पुरेसे तारण दिल्याखेरीज सोडू नये आणि तीन महिन्यांत तारण न आल्यास त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, असा नियम करण्यास त्यात सांगण्यात आले.

देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याकडे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ च्या प्रारंभी लक्ष वेधले होते. त्यांत मुख्यतः दुचाकींचा भरणा आहे. वाहनधारकांनी विम्याचे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वीच करावे आणि काही दिवसांनी एम-परिवहनवर आपल्या वाहनाची नोंद पाहून घ्यावी. नवी अंतिम तारीख तेथे दिसत नसल्यास विमा कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यावी आणि तोपर्यंत प्रमाणपत्राची प्रत वाहनात ठेवावी.