पऱ्हाटीचं आजोळ

खामगाव-मलकापूरच्या काळ्या जमिनीत आज उभी असलेली पऱ्हाटी बहुतेक अमेरिकन कुळाची आहे. 1870 मध्ये लॉर्ड मेयोनं जलंब-खामगाव रेल्वे सुरू केली, तेव्हा खामगावच्या बाजारात गाठी होत्या त्या मुख्यतः आखूड धाग्याच्या गावरान कपाशीच्या. मँचेस्टरला लांब धागा हवा होता. पुढे संकरित वाण आले, 2002 नंतर बीटी आलं आणि गावरान बांधावर गेली. म्हणून आताची कपाशी परकी, गावरान तेवढी आपली, असा हिशेब सर्रास मांडला जातो. तो मला पटत नाही.

वरवर पाहिलं तर फरक उघड आहे. गावरानचं पान खोल चिरलेलं, बोंड लहान, खाली लोंबणारं. अमेरिकनचं पान रुंद, बोंड टपोरं. पण पेशीत शिरलं की चित्र पालटतं. गावरानमध्ये 26 गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये 52, आणि त्यातली निम्मी मोठी, निम्मी लहान. मोठी जुळतात आशिया-आफ्रिकेच्या कपाशीशी, लहान अमेरिकेतल्या रानकपाशीशी. या रानकपाशीच्या बीवर कातण्याजोगा धागाच नसतो. शिवाय पेशीतलं हरितद्रव्याचं यंत्र आईकडून येतं, आणि तेही जुन्या जगातलंच निघतं. म्हणजे अमेरिकन पऱ्हाटीचं आजोळ इकडचं. हे नुसतं अनुमान राहू नये म्हणून जे. ओ. बीसली यांनी 1940 मध्ये निसर्गात नसलेलं झाडच घडवलं. गावरान कपाशीचा अमेरिकन रानकपाशीशी संकर केला. तो वांझ निघाला. मग कोल्चिसिननं (आपल्या कळलावीतही हेच विष असतं) गुणसूत्रं दुप्पट केली. त्या झाडाचं अमेरिकन कपाशीशी जमलं.

मधे एवढा समुद्र, मग ही सोयरीक जुळली कशी? ती झाली दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, तेव्हा नेणारा माणूस नव्हताच. कपाशीचं टणक बी खाऱ्या पाण्यात बराच काळ टिकतं, त्यामुळे ते वाहत गेलं असावं हाच तर्क सयुक्तिक वाटतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जनुकांचा अलीकडचा अभ्यास सांगतो की आजची गावरान ही ती आई नव्हे, आई लोपली, गावरान तिच्या जवळच्या नात्यातली. हे मान्य. त्यानं नातं एक पायरी सरकतं, तुटत नाही. आणि अमेरिकन पऱ्हाटीवर तुडतुडे पडतात, गावरान मात्र कोरड्या सालातही तग धरते, हा शेतकऱ्याचा अनुभव खराच आहे. पण तो हजारो वर्षांच्या निवडीचा परिणाम. त्यावरून कूळ ठरत नाही.

बीसलींच्या त्या झाडाचा अमेरिकन कपाशीशी संकर पुढेही वापरात राहिला. एका पालकाला कातण्याजोगा धागा नाही, दुसऱ्याचा आखूड, तरी त्यांच्या संततीतून अमेरिकन वाणांच्या धाग्याला मजबुती आली.